चिक चॉकलेटचा हिशेब

मुक्ता : मामा, मला चिक चॉकलेटचा राग येतो. गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या ताज हॉटेलात स्वतःचा जॅझ बँड, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आणि असा माणूस सिनेमात संगीतकार सी. रामचंद्रांचा सहायक होतो!

मामा : सिनेमात गेला म्हणून राग?

मुक्ता : हो. जॅझमधला सोलो त्या त्या रात्री सुचतो. काल घेतलेली जागा आज तशीच घेतली तर शेजारचा वादकच नाराज होतो. स्टुडिओत ट्रम्पेटच्या वाट्याला दोन कडव्यांमधला एक पीस, तोही कागदावर लिहिलेला. टेक ओके झाला की संपलं.

मामा : तू एकट्या वादकाचा विचार करते आहेस. चिक बँड चालवत होता. मुंबईत 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतल्या नाचगाण्याची रया गेली. तत्त्वासाठी स्वतः उपाशी राहणाऱ्याबद्दल मला आदर आहे, पण ड्रमवाल्याचं घरभाडं त्या तत्त्वातून कसं भरायचं? आपल्या निष्ठेची किंमत दुसऱ्यानं मोजायची, हे मला पटत नाही.

मुक्ता : म्हणजे पोटासाठी सगळं माफ?

मामा : माफीचा प्रश्न येतो कुठे? गोव्यातली ही मुलं चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकली होती. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा. ती कागदावर उतरवून कुणी कुठे काय वाजवायचं, हे अनेकदा गोवेकर अरेंजर ठरवायचे. गाण्याचा अर्धा जीव त्या वाटणीत असतो. सी. रामचंद्रांच्या 1951 च्या ‘अलबेला’ची गाणी ऐक. ताजची पायरी ज्यांनी कधी चढली नाही, त्यांचे पाय त्या गाण्यांवर थिरकले.

मुक्ता : थिरकले, पण कुणामुळे हे त्यांना कळलं का?

मामा : चाल सी. रामचंद्रांचीच होती, तो मान त्यांचाच. आणि ‘अलबेला’त चिक बँडसह पडद्यावर दिसतो की! त्याच वर्षीच्या ‘नादान’ या सिनेमाचं संगीत त्याच्या नावावर आहे.

मुक्ता : ‘नादान’ आज किती जणांना आठवतो?

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग वेगळ्याच बाजूने बोलू लागला.

मामा : ताजमध्ये तो रुमाल हातात घेऊन, आवाज घोगरा करून आर्मस्ट्राँगसारखा गायचा. कितीही सुरेख असलं तरी ते रूप उसनं होतं. बोंगो, ट्रम्पेट आणि आपली देशी चाल हे मिश्रण मात्र जॅझच्या माहेरी, न्यू ऑर्लिन्समध्येही, कुणाकडे नव्हतं. मला वाटतं, स्वतःचा सूर त्याला स्टुडिओत सापडला.

मुक्ता : हे पटतं. पण मग तर जास्तच सलतं. उसना सूर वाजवला तेव्हा पाटीवर त्याचं नाव होतं. स्वतःचा सापडला तेव्हा तो दुसऱ्याच्या नावामागे गेला.

मामा : तो दोष चिकचा नाही. तबकडीवर वादकांची नावं छापणं ज्यांच्या हातात होतं, त्यांना विचार.

मुक्ता : ठीक, राग त्याच्यावरचा काढून घेतला. पण माझा बँड असेल तेव्हा, जो वादकांची नावं छापणार नाही त्याचं काम मी घेणार नाही.

मामा : आणि तुझ्या ड्रमवाल्याचं भाडं?

मुक्ता : नकार द्यायच्या आधी त्याला विचारीन. तो म्हणाला घे, तर घ्यावं लागेल.