फुकटचे जळण

जे विकत घ्यावे लागत नाही ते फुकट, असे आपण सहज धरून चालतो. परड्यातला शेवगा फुकट, रानातून आणलेले जळणही फुकट. या रविवारी आपण त्या जळणाचा थोडा विचार करू या. ते खरोखर फुकट असते का?

आपल्या सातारा-सांगली भागात चूल एकच असली तरी तिच्या पोटात जाणारे जळण गावोगाव वेगळे. पाटण, जावळी, शिराळा या डोंगराळ पट्ट्यात लाकूड आहे. पण पाऊसही तितकाच आहे. मृगाआधी माळा भरून घेतला नाही तर चार महिने ओल्या काटक्या फुंकत बसावे लागते, म्हणून उन्हाळाभर बायका मोळीमागे असतात. त्यात १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान, आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जंगल राखले गेले हे चांगलेच झाले. आपल्या कोयनेचे आणि वारणेचे पाणी तिथूनच येते. मात्र जिथे काटकी उचलायला मनाई झाली, तिथल्या बाईची वाट लांबली. खाली पाणी पिणाऱ्या आपल्यापैकी कोणी तिच्या त्या जादा पायपिटीचा हिशेब केलेला नाही.

कऱ्हाड, वाळवा, मिरजेकडे ऊस आहे, तेव्हा चिपाड आणि पाचट मिळते. (‘आरती’ या संस्थेने पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली आणि तिला २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला, तरीही आपल्याकडे कितीतरी पाचट शेतातच पेटवले जाते!) माण, खटाव, आटपाडी, जत इकडे मात्र ज्वारीची धसकटे, तूरकाठ्या, शेणी आणि ती सगळ्यांच्या शिव्या खाणारी वेडी बाभूळ. शेणी चुलीत गेली की तेवढे खत शेताला मुकले. म्हणजे फुकटच्या जळणाची किंमत तिथे जमीनही मोजते.

आता थोडा हिशेब करू. एक किलो गॅसमध्ये साधारण तीन किलो वाळल्या लाकडाइतकी उष्णता असते. शिवाय साध्या चुलीतल्या उष्णतेचा दहातला एक-दीड भागच भांड्याला लागतो, तर गॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक. त्यामुळे १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम करायला ढोबळमानाने दीडशे ते दोनशे किलो लाकूड लागते. वीस-पंचवीस किलोची एक मोळी धरली तर आठ मोळ्या झाल्या. एका मोळीला अर्धा दिवस, म्हणजे एकूण चार दिवस. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. चार दिवसांचे ११८८ रुपये होतात. मार्च २०२४ मध्ये दर उतरल्यावर घरगुती सिलिंडर मुंबईत ८०२ रुपये ५० पैशांना मिळत होता. फुळक्यांचा आणि मानेचा खर्च यात धरलेला नाही, आणि धुराने गेलेल्या डोळ्यांचाही नाही.

रोजगार हमीचा दर आम्ही मुद्दाम घेतला. ही कल्पना आपल्याच मातीतली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर गावी तिचा पहिला प्रयोग केला. राबायला तयार असलेल्या हाताला काम आणि त्या कामाला मोल मिळालेच पाहिजे, हे सूत्र या जिल्ह्याने देशाला दिले. तीच बाई सकाळी पाझर तलावावर मातीची पाटी उचलते तेव्हा तिचे श्रम हजेरीपटावर चढतात. संध्याकाळी तीच मोळी उचलते तेव्हा ते ‘घरचे काम’ ठरते. वजन तेच, मानही तीच. मग मोल का बदलावे?

यावर कोणी म्हणेल, तिला त्या दिवशी दुसरे काम कुठे मिळणार होते? हातात वेळ आहे, पैसा नाही. मग वेळच खर्च करायचा. पुष्कळ गरीब घरांत हे अगदी खरे आहे आणि त्यांना उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार नाही. सारफथची विधवा वेशीजवळ काटक्या वेचीत होती तेव्हा एलीया संदेष्ट्याने तिला जळणावर प्रवचन दिले नाही. पण गिऱ्हाईक नाही म्हणून श्रमाला मोलच नाही, हे आम्हाला पटत नाही. तसे असते तर आईच्या कुठल्याच कामाला मोल राहणार नाही.

शिवाय सगळीच घरे तशी नाहीत. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गरीब घरांतील बाईच्या नावावर गॅसजोडणी मिळू लागली. जोडणी तिच्या नावावर, पण भरलेल्या सिलिंडरचे पैसे बहुधा दुसऱ्याच्या खिशात. मोटारसायकलला पेट्रोल पडते, मोबाईलचे रिचार्ज होते, अन् सिलिंडर मात्र पाहुण्यांच्या चहापुरता कोपऱ्यात जपून ठेवलेला. विचारले तर उत्तर तयार: चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला नाही! चव खरीच आहे. ती सांगणारा पाटावर बसलेला असतो आणि फुंकणी दुसरीच्या हातात असते, एवढेच.

सिलिंडर संपला की नंबर लावायचा की मोळीला जायचे, हे आपापल्या घरात कोण ठरवते आणि मोळीला कोण जाते, ते आज जेवताना विचारून पाहू या.