पात्रता कामाची, माणसाची नव्हे



"मला फौजेत का नाही घेणार?" आपल्या परिवारातल्या, ऑटिझम असलेल्या एका मुलाने आईला विचारलं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. जवानांना बघतच तो मोठा झाला. आपल्यापैकी कुणालाच उत्तर सुचलं नाही.

इस्रायलमध्ये १८व्या वर्षी बहुतेकांना लष्करी सेवा सक्तीची असते. ऑटिझम असलेल्यांना सहसा सूट मिळते. पण सगळे मित्र गणवेशात आणि आपण घरी, तेव्हा ती सूटच मनाला लागते. २०१३ मध्ये तिथे 'रोईम राखोक' हा उपक्रम सुरू झाला. त्यातून असे तरुण स्वेच्छेने सैन्यात जातात, उपग्रहाची छायाचित्रं न्याहाळून बारीकसा बदलही हेरतात.

ऐकून बरं वाटतं. पण ज्याला हेही जमत नाही, त्याची किंमत कमी का? भरतीत बघतात ती त्या कामाची पात्रता. माणसाची किंमत कुठल्याच भरतीत ठरत नाही. गुरुमाउलींनी आपल्याला जवळ केलं, तेव्हा "तुला काय येतं?" असं विचारलं होतं का?

तर त्या लेकराला खोटी आशा नको, आणि "बिचारा"ही नको. खरं सांगूया: "बाळा, फौजेचे नियम वेगळे आहेत. पण तू आमचा आहेस." आणि सत्संगात त्याला आपल्या शेजारी बसवूया.