कडू गूळ

वाचस्पती मिश्र हा मिथिलेचा पंडित. तो कधी कोल्हापूरकडे फिरकला असेल असं मानायला काही आधार नाही. तरी शांकरभाष्यावरच्या ‘भामती’ टीकेत त्याने भ्रमाचं जे एक उदाहरण दिलं आहे, ते पंचगंगेच्या काठी वाचताना इथल्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. पित्त बळावलेल्या माणसाला गूळ कडू लागतो, असं ते उदाहरण. दोरीवर भासणारा साप आणि शिंपल्यावर चमकणारी चांदी हे दृष्टान्त कीर्तनातूनही कानावर पडतात; हा कडू गूळ मात्र ग्रंथातच राहिला. वाचस्पतीचा खुलासा बारीक आहे. रोग्याला जाणवणारा कडूपणा खोटा आहे, असं तो म्हणत नाही. कडूपणा खरा आहे, पण तो पित्ताचा आहे. जिभेवर पित्त बसलं आहे हे रोग्याच्या ध्यानात येत नाही, आणि जिभेचा दोष गुळाच्या माथी जातो. एकाचा धर्म दुसऱ्यावर लादण्याच्या या प्रकाराला शंकराचार्य अध्यास म्हणतात, आणि देहाचे धर्म आत्म्यावर लादणं ही त्यांच्या मते आपली मूळ चूक. तेवढ्या खोलात इथे जायचं नाही. प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: जीभ चुकू शकते का? रोजच्या बोलण्यात आपण हे नाकारतो. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतो, ज्याची त्याची आवड म्हणतो आणि विषय मिटवतो. पण तसं असेल तर पित्त झालेल्या माणसालाही चुकला म्हणता येणार नाही. त्याच्यापुरता गूळ कडूच, आणि वाचस्पतीचं उदाहरण निकालात निघालं.

या प्रश्नाची परीक्षा गुळावर घेता येईल, पण गुळाची चव आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात वाद उरत नाही. म्हणून आधी एक परका पदार्थ घेऊ. झिन्फान्डेल ही काळ्या द्राक्षाची जात अमेरिकेत कॅलिफोर्नियात नावारूपाला आली, आणि सुला कंपनीने ती नाशिकला रुजवली. तिची लाल वाइन अंगाने भरलेली असते असं जाणकार म्हणतात. अंग म्हणजे काय, हे कोल्हापुरात फार समजावून सांगावं लागू नये. पाणचट रस्सा तोंडातून वाहून जातो, नीट आळलेला जिभेवर रेंगाळतो. वाइनमध्ये हे काम अल्कोहोल, विरघळलेला अर्क आणि द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा मिळून करतात. झिन्फान्डेलचा घड एकसारखा पिकत नाही. काही मणी हिरवे असतानाच शेजारच्या मण्यांचे मनुके व्हायला लागतात. सगळे पिकेपर्यंत थांबलं तर साखर वाढते, आणि साखर वाढली की अल्कोहोल १४-१५ टक्क्यांपर्यंत सहज चढतं. परीक्षक पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहतो, हलवून वास घेतो, घोट तोंडात घोळवतो आणि थुंकून टाकतो. मग एक म्हणतो, आटवलेल्या करवंदाच्या रसासारखी आहे, मागून काळी मिरी येते. दुसरा म्हणतो, तुरट काढा आहे. दोघेही बरोबर, असं म्हणून उठून जाता येईल काय?

मराठी भाषाच याला अडवते. ‘मला आवडत नाही’ आणि ‘याला चव नाही’ ही दोन वाक्यं आपण एका अर्थाने वापरत नाही. कारलं न खाणारा माणूससुद्धा भाजी चांगली झाली आहे हे ओळखू शकतो. पंगतीत कोणी ‘आमटीत मीठ कमी पडलंय’ म्हणालं, तर ‘ते तुमचं मत’ असं उत्तर वाढपी देत नाही; तो जाऊन चाखून येतो. आवड ही माझ्याबद्दलची बातमी आहे, तर चवीचा निवाडा पदार्थाबद्दलचा दावा आहे, आणि दावा म्हटला की तो खोटा ठरण्याची सोय हवी. झिन्फान्डेलवर परीक्षक जेव्हा म्हणतो की अंग भरलेलं आहे पण अल्कोहोल घशाला जाळतं, त्याला तोलून धरण्याइतकं फळ त्यात नाही, तेव्हा तो स्वतःच्या सुखदुःखाचं वर्णन करत नसतो. पेल्यात काय आहे आणि काय कशाला कितपत पुरं पडतं, हे सांगत असतो.

असा दावा खरा ठरल्याचं एक उदाहरण याच द्राक्षाच्या इतिहासात आहे. झिन्फान्डेल मूळची कुठली, हे कॅलिफोर्नियात कोणाला सांगता येत नव्हतं. पुष्कळांना ती आपलीच वाटे. १९६७ मध्ये ऑस्टिन गोहीन हे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ दक्षिण इटलीत गेले असताना त्यांच्यापुढे प्रिमितीव्हो नावाच्या तिथल्या द्राक्षाची वाइन आली, आणि ती त्यांना थेट झिन्फान्डेलसारखी लागली. नंतर वेली तपासल्या, त्याही सारख्या दिसल्या. १९९०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए जुळवून दाखवला: दोन्ही एकच जात. २००१ मध्ये क्रोएशियाच्या किनाऱ्यावर तिचं मूळही सापडलं. जिभेने जे आधी सांगितलं ते प्रयोगशाळेने पुढे मान्य केलं. हा योगायोग असू शकतो, आणि तीच वाइन चाखूनही काहीच न सुचलेले लोक थोडेथोडके नसतील. पण चव ही निव्वळ खाजगी लहर असती, तर तिच्या आधाराने दोन खंडांतल्या वेलींचं नातं शोधायला निघण्याला अर्थच उरला नसता.

आता गुळाकडे येऊ. ऊस कुठल्या रानातला आहे हे त्याचा गूळ सांगतो. शिरोळकडच्या खारावलेल्या जमिनीतल्या उसाचा गूळ खारवट लागतो. नत्राची खतं जास्त झालेल्या उसाचा गूळ काळपट होतो आणि टिकत नाही. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढली जाते, भेंडीचं चिकट पाणी घातलं जातं, रस आटत येतो, आणि गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी कशी बनते ते बघतो. काहिल एक क्षण आधी उतरली तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर करपट लागतो. हा निवाडा तो वास, रंग, बुडबुड्यांचा आवाज आणि बोटांतली गोळी यांवर करतो. त्याच्यापाशी तापमापक असेलच असं नाही. आणि त्याची परीक्षा त्याच दिवशी संपत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत गुळाचा रवा पाझरायला लागला, तर गुळव्याचा निवाडा चुकला होता हे घरच्या कोनाड्यातही कळतं. न्यायशास्त्राचे पंडित, म्हणजे नैयायिक, म्हणत, ज्ञान खरं की खोटं हे त्या ज्ञानातूनच कळत नाही, त्यावर विसंबून केलेली कृती फळाला येते का यावरून कळतं. गुळव्याला हे कोणी शिकवलेलं नसतं, पण त्याची मजुरी आणि नाव दोन्ही याच तत्त्वावर चालतात.

इथे पहिला आणि सगळ्यात धारदार आक्षेप येतो. परीक्षकच जर सर्रास चुकत असतील, तर त्यांच्या जिभेला प्रमाण कशाला मानायचं? पुरावा भक्कम आहे. फ्रान्समध्ये बोर्दोला वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वासरहित लाल रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांपुढे एकाच बाटलीतली वाइन त्यांच्या नकळत तीनदा ठेवली. तिन्ही वेळा साधारण सारखाच निकाल देणारा परीक्षक दहातला एखादाच निघाला. आपल्या बाजारातही याचा सख्खा भाऊ आहे. पिवळाधमक गूळ चांगला, अशी समजूत रुळली, त्या रंगाला भाव मिळू लागला, आणि तो रंग आणण्यासाठी काहिलीत हायड्रॉस पावडर पडू लागली. खरेदीदाराच्या डोळ्यांनी जिभेवर मात केली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरी बाजारपेठेने गुळाचं नाव देशभर नेलं, २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण रंगाची ही भुरळ त्यातून सुटलेली नाही.

हा पुरावा मी मान्य करतो; त्यातून काढलेला निष्कर्ष करत नाही. बोर्दोचे विद्यार्थी फसले असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? पेल्यात पांढरी वाइन होती हे ठाऊक असल्यामुळे. चवीला बरोबर-चूक नसतीच, तर तो प्रयोग फसवणुकीचा ठरला नसता, नुसती पसंतीची नोंद झाली असती. सगळी नाणी खोटी आहेत असं म्हणणाऱ्याला आधी खरं नाणं म्हणजे काय हे मानावं लागतं. शिवाय ते विद्यार्थी कसे चुकले हे वाचस्पतीच्या भाषेत नेमकं मांडता येतं. लालपणा होता, पण तो डोळ्यांपुढचा, चवीतला नव्हे. हॉजसन यांच्या परीक्षकांच्या बाबतीत आधीच्या दहा पेल्यांचा शिणवटा आणि दुपारची भूक त्या पेल्यावर लादली गेली असेल. पिवळ्या गुळात भावाचा आकडा गोडीवर लादला जातो, आणि हायड्रॉसचा रंग साठवणुकीत उतरतो तेव्हा काळच तो अध्यास दूर करतो. माझं म्हणणं एवढंच आहे की रसपरीक्षा म्हणजे जिभेची श्रीमंती नव्हे. वस्तूचं काय आणि आपलं काय, हे वेगळं करण्याचा तो सराव आहे. नाव झाकून चाखणं, दोन पेल्यांमध्ये पाण्याने चूळ भरणं, एकच नमुना पुन्हा पुढे येऊ देणं या सगळ्या पित्त उतरवण्याच्या तरकिबी आहेत. परीक्षक कमी पडतात ते हा सराव अर्धवट करतात म्हणून. आणि गुणांचे आकडे फार आत्मविश्वासाने छापतात, तोही त्यांचा दोष आहेच.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. पित्त रोग आहे, तो उतरतो. पण जिभाच जन्मतः निराळ्या असतील तर? शिराझ वाइनला मिरीचा वास देणारा रोटंडोन हा घटक ऑस्ट्रेलियात सापडला तेव्हा असंही दिसलं की चाचणीतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या लोकांना तो मुळीच जाणवत नाही. काही कडू द्रव्यांचंही तसंच आहे. मग निरोगी जीभ कोणाची मानायची, बहुमताची? मला वाटतं, इथे डोळ्याचं उदाहरण कामी येतं. ज्याला लाल-हिरवा भेद दिसत नाही तो पिकलेली मिरची निवडायला दुसऱ्याला बोलावतो; मिरचीला रंग नाही असं तो म्हणत नाही. ज्याला मिरी लागत नाही त्याचं ‘मला लागली नाही’ हे वाक्य खरंच आहे; ‘यात मिरी नाही’ हे खोटं आहे. ही दोन वाक्यं वेगळी ठेवणं त्यालाही जमतं, आणि म्हणून तोही चांगला परीक्षक होऊ शकतो. हेच शब्दांनाही लागू पडतं. अमेरिकन पुस्तकातली ब्लॅकबेरी आपल्या मंडईत मिळत नाही. आजरा किंवा शाहूवाडीच्या डोंगरातला माणूस त्या जागी करवंद म्हणेल. शब्द बदलला, बोट त्याच गोष्टीकडे आहे.

तिसरा आक्षेप तर्काचा नाही, धर्माचा आहे, आणि कोल्हापूर-शिरोळच्या मुलखात तो टाळून चालणार नाही. जैन श्रावकाला मद्य वर्ज्य आहे. गांधीजींच्या एकादश व्रतांत अस्वाद आहे. जिभेला वळण लावणं म्हणजे तिचे चोचले पुरवणं नव्हे काय? आणि तेही दारूच्या निमित्ताने? यातला दारूबद्दलचा भाग मला सरळ मान्य आहे. २०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचं ठरवलं तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असं ऐकू आलं. झिन्फान्डेलचा प्रामाणिक परीक्षक हे म्हणू शकणार नाही, कारण घशाची जळजळ त्याच्या टिपणात पहिल्या चार शब्दांत असते. पण चोचल्यांचं म्हणणं मला पटत नाही. परीक्षक घोट थुंकतो. नशा हवी असलेला माणूस पेल्याबद्दल काही सांगू शकत नाही, कारण त्याचं लक्ष स्वतःकडे असतं. रसशास्त्री अभिनवगुप्ताने रसास्वादातली विघ्नं मोजली, त्यांत स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाणं हे एक आहे. नाटकाबद्दल त्याने जे म्हटलं ते पेल्यालाही लागू होतं. अस्वाद व्रताचं भांडण वासनेशी आहे, आणि वासना ही चवीवर लादलेली गोष्ट आहे, म्हणजे आपलं पित्तच. जैनांच्या बाह्य तपांत रसपरित्याग आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, मीठ यांतला एखादा रस त्या दिवसापुरता सोडायचा. त्या दिवशी गूळ सोडलेला शिरोळचा शेतकरी आपल्याच गुऱ्हाळावर काहिलीजवळ उभा असतो. पाक तयार झाला का हे तो वासावरून सांगतो, आणि रवा गोड उतरला आहे हे त्याला न चाखताही मान्य असतं.