भूतयज्ञ आणि धरणाचे पाणी

मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदी अडवून जो अफाट जलाशय निर्माण झाला, त्यास ‘नल-दमयंती सागर’ हे नाव देणाऱ्यांना विदर्भराजकन्येचे स्मरण ठेवावयाचे होते, हे उघड आहे. परंतु वनपर्वातील त्या उपाख्यानात, इच्छा करशील तेथे जल प्रकट होईल, असा जो वर वरुणाने नलराजास दिला, तो या नामकरणाबरोबर पाटबंधारे खात्याच्या हाती किती यथार्थपणे आला, याकडे त्यांचे लक्ष गेले असेल असे वाटत नाही. तो वर आज फळला आहे. अमरावती शहराच्या नळांत, कालव्यांच्या लाभक्षेत्रात, नांदगाव पेठेच्या औष्णिक वीज केंद्रात वर्धेचे पाणी प्रकट होते. नदीच्या पात्रातही ते असावे, ही इच्छा मात्र कोणी करावयाची, हे त्या वरात सांगितलेले नाही.

नदीची जी हानी होते ती केवळ मापाची नसून वेळेचीही आहे. मृगाच्या सरी कोसळून पहिला गढूळ लोंढा आला की मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात आणि काठच्या नव्याने बुडालेल्या उथळ भूमीत अंडी घालतात. भोईही आपली जाळी सावरून नेमके तेव्हाच निघतात. धरण मात्र त्याच सुमारास रिकामे असते, आणि रिकाम्या धरणाचे काम भरणे हेच असल्यामुळे तो पहिला लोंढा भिंतीशी अडतो. पुढे श्रावण-भाद्रपदात साठा काठोकाठ झाला म्हणजे तेराही दरवाजे उघडतात, लोक कुटुंबकबिल्यासह तो देखावा पाहावयास जातात, आणि खाली कौंडिण्यपुरास, रुक्मिणीच्या माहेरी, नदी एकाएकी दुथडी भरून वाहू लागते. विणीचा हंगाम तोवर बराचसा टळलेला असतो.

यानंतर दप्तराचे काम. १५ ऑक्टोबर रोजी धरणात जो साठा असेल तो प्रमाण धरून वर्षाचा हिशेब मांडण्याचा प्रघात आहे: पिण्यासाठी इतके, शेतीच्या आवर्तनांसाठी इतके, कारखान्यांसाठी इतके, बाष्पीभवनाची तूट इतकी. उन्हाने उडून जाणाऱ्या पाण्यालाही जेथे खाते आहे, तेथे नदीच्या नावे बहुधा खाते नसते. २००३ च्या राज्य जलनीतीने उद्योगास शेतीच्या वरचे स्थान दिले, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि २०११ साली तो क्रम फिरविण्यात आला. या साऱ्या वादंगात नदी ही पक्षकारच नव्हती. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीने प्रवाहाचा काही अंश जीवसृष्टीसाठी राखावा असे म्हटले खरे, पण नीतीतील वाक्य आणि दरवाजावरील कर्मचाऱ्यास मिळणारा लेखी हुकूम यांत पुष्कळ अंतर असते.

आमचा धर्मविचार येथे अपुरा पडतो काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. वऱ्हाडला भूतदयेची वाण नाही. रिद्धपूरच्या परिसरात महानुभावांचे अहिंसाव्रत रुजले; देवापुढे पशू मारू नका म्हणून आयुष्यभर खराटा घेऊन फिरलेल्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी देह ठेवला. परंतु या अहिंसेला सुरी दिसते, सुरी धरणारा हात दिसतो. आटलेल्या डोहात तडफडणाऱ्या मरळीचा वध कोणी केला? दरवाजा बंद ठेवणाऱ्याने, मंजुरी देणाऱ्याने, की नळाखाली बादली लावणाऱ्या आपण सर्वांनी? माळकरी मनुष्य मासळीला शिवत नाही आणि अवघी नदी निःशंकपणे पिऊन टाकतो. भोई मासळी खातो, आणि डोह यंदा किती खाली गेला हे त्यालाच ठाऊक असते. यांतील हिंसक कोण, हे मी एका वाक्यात सांगू शकत नाही.

म्हणून मला दयेपेक्षा भूतयज्ञाची कल्पना अधिक भक्कम वाटते. गृहस्थाने स्वतः जेवण्यापूर्वी प्राणिमात्राचा भाग काढून ठेवावयाचा असतो; ते उरलेल्या अन्नाचे दान नव्हे, आधीच दुसऱ्याच्या मालकीचे असलेले देणे आहे. भरलेल्या धरणातून सांडलेले पाणी आपण नदीला ‘दिले’ असे म्हणतो, तेव्हा उष्टे वाढून यज्ञाचे पुण्य मागत असतो.

यावर खारपाणपट्ट्यातील मनुष्य रास्तपणे विचारील की, पूर्णेच्या दोन्ही तीरांवर विहिरीचे पाणी तोंडी धरवत नाही, आमच्या लेकराबाळांआधी माशांचा विचार कसला? ही कैफियत कोणत्याही शास्त्रवचनाने निकालात काढण्याजोगी नाही. तथापि त्याच पट्ट्यातील गावांसाठी महानच्या धरणातून काटेपूर्णेच्या पात्रात खांबोऱ्याच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडले जाते, म्हणजे गरज पडली की नदीला नदी म्हणून वाहू देणे आपल्याला साधते. आणि अशा प्रत्येक वेळी माणसाचा व माशाचा हितसंबंध एकाच पात्रातून वाहत असतो.

जलाशयात कटला-रोहूची बोटुकली सोडून, ठेका देऊन, भरपाई झाली असे मानणारेही आहेत. शतपथ ब्राह्मणातील मनूचा मासा घटातून खड्ड्यात आणि खड्ड्यातून समुद्रात नेला गेला, कारण कोणतेच भांडे त्याला पुरेना. आम्ही उलट समुद्राकडे जाणाऱ्याला भांड्यात आणून ठेवतो आणि त्याला संवर्धन म्हणतो. लोणावळ्याजवळ वळवण येथे गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून महाशीर वाढविण्याचे मोठे कौतुकास्पद काम झाले, पण तेथील पिले कावेरीत सोडली गेली आणि कावेरीचा स्वतःचा कुबडधारी महाशीर, ज्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली निश्चित झाली, तो या पाहुण्यांच्या गर्दीने आणि इतरही कारणांनी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला. मासे मोजले, नदी मोजली नाही.

तेव्हा मृगानंतरच्या पहिल्या येव्यातील ठराविक हिस्सा, येईल तसा, खाली जाऊ द्यावा, उन्हाळ्यात डोह जिवंत राहतील एवढी धार चालू ठेवावी, आणि हे पाणी १५ ऑक्टोबरच्या हिशेबात शिल्लक म्हणून नव्हे तर वाटपाआधीची वजावट म्हणून लिहावे, असे माझे मत आहे. ओढीच्या वर्षी ते जड जाईल, महानसारख्या धरणात तर फारच. त्या वर्षी कात्री प्रथम कारखान्यांच्या कराराला लागावी, मग उन्हाळी पिकांच्या आवर्तनाला, आणि नदीच्या हिश्श्याला त्यानंतर. माणसांच्या आणि गुरांच्या पिण्याच्या पाण्याला ती लागण्याचे कारण नाही.