देवाला वकील, नदीला कोण?

अंबरनाथच्या शिवमंदिराचा गाभारा सभामंडपाहून खोल आहे. पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावं लागतं. शिलालेखात शके 982 म्हणजे इ. स. 1060 हे साल आणि शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे. मंदिराला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. शेजारून वाहणाऱ्या वालधुनीच्या वाट्याला मात्र रासायनिक कारखान्यांचं पाणी आलं, आणि पुढे उल्हासनगरात जीन्स रंगवणाऱ्या-धुणाऱ्या कारखान्यांचं.

भारतीय कायद्यात देव ही व्यक्ती आहे. प्रिव्ही कौन्सिलने 1925 साली मल्लिक घराण्याच्या खटल्यात मूर्तीचं हित स्वतंत्र मानलं, तिची इच्छा मांडायला वेगळा माणूस नेमावा असंही म्हटलं. अज्ञान मुलाच्या वतीने पालक भांडतो, तसाच देवाच्या वतीनेही कुणीतरी भांडतो. मग देवाच्या दारातली नदी व्यक्ती का नाही?

उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च 2017 मध्ये तेवढं धाडस केलं. गंगा-यमुना कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती ठरल्या आणि राज्याच्या मुख्य सचिवांसह काही अधिकारी त्यांचे पालक झाले. त्याच महिन्यात न्यूझीलंडच्या संसदेने माओरींच्या व्हांगानुई नदीला असाच दर्जा दिला. उत्तराखंड सरकार मात्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. नदीला पूर येऊन माणसं दगावली तर भरपाई कोणाकडे मागायची, ही त्याची एक अडचण. जुलैमध्ये निकालाला स्थगिती मिळाली. शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही: 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजाराहून अधिक प्रवासी सोडवावे लागले. व्यक्तीला हक्क असतात तशी देणीही असतात. नदीची देणी कोण फेडणार?

श्रद्धेची बाजूही सरळ नाही. उल्हासनगर वसवलं ते फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी निर्वासितांनी. त्यांचा झुलेलाल हा पाण्याचाच देव. चालिहाचे चाळीस दिवस व्रत पाळतात. कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची मांडलेला बहराणा पाण्याशी नेऊन त्यातला प्रसाद पाण्याला अर्पण करतात. पाण्याची इतकी जाण असलेल्या गावातून वालधुनी काळी वाहिली. यात सिंध्यांनाच बोल लावण्यात अर्थ नाही. गंगेकाठीही तेच घडलं. पवित्र वस्तू विटाळतच नाही, अशी आपली समजूत असते, आणि मग तिची काळजी घ्यायला कुणी उरत नाही. नदीला माता म्हटलं की आई सगळं सोसते हेही ओघानं आलंच!

उल्हास-वालधुनीच्या बाबतीत पान हललं ते कोरड्या कायद्याने. 2010 च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यातल्या विसाव्या कलमात ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावं’ हे तत्त्व लिहिलेलं आहे. ‘वनशक्ती’ संस्था पुण्याच्या खंडपीठाकडे गेली आणि 2015 मध्ये न्यायाधिकरणाने सुमारे 95 कोटींचा दंड सुनावला. दंड झालेल्यांत कारखानदारांच्या सामायिक सांडपाणी प्रकल्पांबरोबर स्थानिक पालिकाही होत्या. ज्यांनी नदी राखायची, त्यांनीच ती बिघडवल्याचा हा ठपका.

त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्य सरकारने नदी नियमन क्षेत्राचं धोरण रद्द केलं होतं. नदीपासून ठरावीक अंतरात कोणते कारखाने नकोत, हे सांगणारं ते धोरण होतं. म्हणजे न्यायालयात नदी जिंकत होती तेव्हा मंत्रालयात तिची हद्द पुसली गेली होती. पुढे न्यायालयीन दट्ट्याने उल्हासनगरातले जीन्सचे कारखाने बंद पडले; काहींनी आजूबाजूच्या गावांत बस्तान हलवलं. हजारो कामगारांचा रोजगार गेला तो वेगळाच.

व्यक्ती म्हणून नदीला उद्या दर्जा मिळाला, तरी तिचा पालक नेमताना नाव याच पालिकांमधून आणि याच खात्यांतून निघेल. देवस्थानाचा वहिवाटदार हिशेब देत नसेल, तर भक्त धर्मादाय आयुक्तांकडे जाऊ शकतो. वालधुनीच्या पालकाचा हिशेब तपासणारा आयुक्त कोण असेल, याचं उत्तर उत्तराखंडच्या निकालातही सापडत नाही.