न पाहिलेल्याचे चित्र

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत चिंचवडास आमच्या शेजारची सहावीतील एक मुलगी चित्रकथा रचीत बसली होती. विषय तिने फार दूरचा निवडला होता : ‘संतमस’ नावाचा ग्रह. २००६ साली शोध लागलेल्या या ग्रहास २०१९ मध्ये भारताच्या वतीने नाव द्यावयाचे ठरले, तेव्हा पुण्याच्या एका तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने सुचविलेले हे नाव मान्य झाले. ज्या ताऱ्याभोवती तो फिरतो त्यास भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ ‘बिभा’ म्हणतात. पुण्याचे मूल नाव देते, तर चिंचवडच्या मुलाने चित्र का काढू नये, या तिच्या युक्तिवादापुढे आम्ही निरुत्तर झालो.

पहिल्याच चौकटीत यान खडकावर उतरले होते. हा ग्रह वस्तुमानाने गुरूच्या सुमारे दीडपट, म्हणजे वायूचाच गोळा असावयाचा. तेथे पाय टेकावयास जमीन कोठली? खडक पुसावा लागला. पुढे नायिकेचा वाढदिवस आला. तेथील वर्ष आपल्या सव्वादोन दिवसांहूनही लहान. बारा वर्षांच्या मुलीचे तेथे दोन हजारांहून अधिक वाढदिवस झाले असते! आकाशातील सूर्यही नेहमीसारखा काढून चालेना. ग्रह त्याच्या इतका निकट की तो आपल्या सूर्याच्या निदान पंचवीसपट रुंद दिसावा. वाक्यात ‘फार मोठा’ म्हणून सुटता येते; कर्कटकास मात्र माप सांगावेच लागते.

खरी अडचण ढगांपाशी आली. नावाचा अर्थ ‘ढगाळ’ असा प्रसिद्ध झाला आहे. (अमरकोशात संतमस म्हणजे सर्वत्र पसरलेला अंधार, परंतु मुलांनी केलेल्या बारशात कोशकारांनी लुडबूड करू नये.) तिने सगळा ग्रह काळ्या मेघांनी भरून टाकला. पण हे मेघ पाहिले कोणी? मेघच काय, तो ग्रहही कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्याच्या ओढीने तारा किंचित मागेपुढे हलतो, त्या हालचालीची खूण ताऱ्याच्या प्रकाशात उमटते, आणि तेवढ्यावरून ग्रहाचे अस्तित्व सिद्ध झाले आहे.

मुलीचे वडील चाकणच्या एका कारखान्यात सुटे भाग घडवितात. त्यांनी आपल्याकडची रीत सांगितली : ड्रॉइंगमध्ये जी कड समोरून दिसत नाही ती तुटक रेषेने काढतात. मुलीने लागलीच ढग तुटक केले. आम्हांसही तोड पटली. पण वडिलांनीच मान हलविली. तुटक रेषेची कड दिसत नसली तरी ती तेथे असतेच, तिचे माप दिलेले असते, त्या मापावर यंत्र चालते. या ढगांचे माप कोणाजवळ आहे?

अदृष्ट आणि अज्ञात यांतील हा भेद आम्ही वडीलधारी माणसे रोज पुसून टाकीत असतो. मरणापलीकडे काय आहे, असे मुलाने विचारले की ठळक शाईने उत्तर रेखाटतो. आणि जे न दिसताही सिद्ध झाले आहे ते ‘कोणी पाहिले आहे?’ म्हणून झटकून टाकतो. कल्पनेस बंदी करावी असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तिने चौकट भरली नसती तर खडकाची चूक तरी कशी सापडली असती? मात्र कल्पनेने शाईचे सोंग घेऊ नये, एवढेच.

अखेर ग्रहाचा घेर तिने तुटक रेषेने काढला आणि ढग नुसत्या पेन्सिलीने. पुढे कोणास दुर्बिणीतून काही कळले, तर शाई द्यावी अथवा रबर चालवावे, असे वहीच्या समासात लिहून ठेवले आहे. यान कोठे उतरवावयाचे, हे अद्याप ठरलेले नाही.