मुळी आणि मुळातला मी

पन्नाशी उलटली की माणसाला न मागता दोन गोष्टी मिळू लागतात. एक म्हणजे बसमध्ये जागा आणि दुसरी म्हणजे औषधाची माहिती. जागा देणारा निदान देऊन झाल्यावर गप्प उभा राहतो. माहिती देणारा शेजारी बसतो.

आमच्या इमारतीतले निवृत्त पोस्टमास्तर असेच एकदा बाकावर माझ्या शेजारी बसले. हल्ली जिना चढताना दम लागतो, दुपारी डोळा लागतो आणि रात्री लागत नाही, एवढंच मी बोललो होतो. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज एकदम खाली आणला आणि म्हणाले, "आस्कंद घ्या. दुधातून. हार्मोनचा प्रश्न आहे."

या हार्मोन शब्दाचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या वडिलांच्या पिढीला धातुपुष्टी करावी लागे, आम्हाला हार्मोन वाढवावं लागतं. दुखणं तेच, मुळी तीच. पण हार्मोन हा शब्द चारचौघांत, फार काय, बायकोसमोरसुद्धा उच्चारता येतो. लहानपणी रेल्वेच्या खिडकीशी बसून मी रुळांकडेच्या भिंतींवरची मोठमोठी अक्षरं मोठ्यानं वाचत असे. 'खोई हुई ताकत' असं काहीसं वाचायला लागलो की वडील अचानक माझ्या तोंडात लाडू कोंबत. पुरुषांची शक्ती वाढवून देतो असं सांगणाऱ्या जाहिरातींना आपल्या सरकारनं १९५४ सालीच कायद्यानं मनाई केली. कायदा अजून आहे. भिंतीही आहेत.

तर आस्कंद. संस्कृतात अश्वगंधा, कुठे कुठे ढोरगुंजही म्हणतात. वांग्या-बटाट्याच्या कुळातलं हे झुडूप. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे त्याची शेती होते; अफूही त्याच भागात पिकते, म्हणजे त्या मातीत माणसाची सोय पाहण्याचा काही गुणच असावा. ताज्या मुळीला घोड्याचा वास येतो म्हणून अश्वगंधा. घोड्याचा वास येणारी वस्तू खाल्ली की घोड्याची ताकद येते, हा हिशेब सरळ आहे. (तो खरा असता तर आमच्या गल्लीतला टांगेवाला पैलवान व्हायला हवा होता. तो बिचारा कायम खोकत असे.) पण गंमत पुढेच आहे. शास्त्रज्ञांनी याच झुडपाचं लॅटिन नाव ठेवलं 'विथानिया सोम्निफेरा'. सोम्निफेरा म्हणजे झोप आणणारी. एकाच मुळीकडे पाहून आमच्या पूर्वजांना घोडा आठवला आणि साहेबाला पलंग!

चरकसंहितेत आस्कंद बल देणाऱ्या आणि शरीर भरून काढणाऱ्या औषधांत घातला आहे. त्याच ग्रंथात वाजीकरणाचा स्वतंत्र अध्याय आहे. वाजी म्हणजे पुन्हा घोडाच. त्या अध्यायात मुळ्या, दूध, तूप, साखर सगळं आहे. पण सर्वांत श्रेष्ठ वाजीकरण कोणतं, तर मनाजोगती स्त्री, असं चरकांनी स्पष्ट म्हटलं आहे. हे मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग मुळीचे पैसे वाचले की!" आणि भाजी निवडायला लागली.

बरं, हे वेड काही आपलंच नाही. १८८९ साली ब्राउन-सेकार नावाच्या बहात्तर वर्षांच्या नामांकित वैद्यकतज्ज्ञानं कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झाल्याचं पॅरिसमध्ये विद्वानांच्या सभेत जाहीर केलं. त्या पाण्यातल्या अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हतंच, हे आता कळतं. म्हातारबुवा तरुण झाले ते निव्वळ विश्वासावर. खरं टेस्टोस्टेरॉन हाती लागलं १९३५ साली. तिशी-चाळिशीनंतर ते दरवर्षी साधारण एक टक्क्यानं उतरतं म्हणतात. बँकेनं इतक्या नियमितपणे काही वाढवलेलं मला आठवत नाही.

आस्कंदावरही अलीकडे चाचण्या झाल्या आहेत. काहींत हे हार्मोन थोडंफार वाढलेलं दिसलं, ताण कमी झाला, झोप सुधारली. पण चाचण्या लहान आणि थोड्या आठवड्यांच्या. उलट काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, थायरॉइडची औषधं घेणाऱ्यांना जपायला सांगतात, आणि डेन्मार्कनं तर २०२३ साली आस्कंदावर बंदीच घातली. 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?' असं मास्तर म्हणतात. धोतराही झाडपाल्याचाच, हे त्यांना कोण सांगणार?

पण माझी झोप उडाली ती यकृताच्या काळजीनं नव्हे.

त्याचं असं आहे. गेली काही वर्षं लोक मला "किती शांत झालात हो!" असं म्हणतात. पूर्वी मी दोन रुपयांसाठी रिक्षावाल्याशी भांडत असे, क्रिकेटची मॅच बघताना पंचाला माझं मत इथून ऐकू जावं असा प्रयत्न करत असे. आता तसं होत नाही. गेली सोळा वर्षं मी रोज सकाळी ज्ञानेश्वरीच्या थोड्या ओव्या वाचतो, आणि हा पालट त्या खात्यावर मी मनातल्या मनात जमा करून टाकला होता. आता ही एक टक्क्याची भानगड कळल्यावर शंका आली. सोळा वर्षांची साधना म्हणजे नुसती सोळा टक्के घट तर नव्हे? मी राग जिंकला, की रागच नोकरी सोडून निघून गेला आणि मी रिकाम्या खुर्चीला हार घालत बसलो?

हा प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या सुरुवातीलाच केफॅलस नावाचा म्हातारा सोफोक्लीसची आठवण सांगतो. या नाटककाराला उतारवयात कुणीतरी प्रणयाबद्दल विचारलं, तेव्हा एखाद्या पिसाट धन्याच्या तावडीतून सुटल्यासारखं वाटतं, असं तो म्हणाला म्हणे. पण केफॅलसची पुढची पुस्ती मला जास्त महत्त्वाची वाटते. म्हातारपण सुखाचं की दुःखाचं हे वयावर नसतं, स्वभावावर असतं, असं त्याचं म्हणणं. स्वभावावर! आणि स्वभाव कशावर असतो, हे विचारायला तिथे कुणी पोस्टमास्तर नव्हता.

म्हणजे बघा. मुळी घेतली आणि अंगात घोडा आला, तर रिक्षावाल्याशी पुन्हा भांडण होणार. तो दोष कुणाचा? आणि घोडा न येता नुसती झोप आली, मन शांत झालं, तर ती शांती माझी की पाव चमचा चूर्णाची? पुण्य दुधातून घेता येतं का?

ही अडचण मी हिच्यापुढे मांडली. ती म्हणाली, "सकाळचा चहा झाल्यावर तुम्ही बरे बोलता. तेव्हा मी चहाचे आभार कधी मानलेत का?"

यात बरंच तथ्य आहे. चहाच्या आधीचा मी खरा आणि नंतरचा खोटा, असं कुणी म्हणत नाही. भुकेला माणूस चिडतो, जेवल्यावर निवळतो. ते निवळणं काही आमटीच्या नावावर लागत नाही. मग आस्कंदानंच काय घोडं मारलंय? माणसाची लबाडी मला दुसरीकडेच दिसते. चांगलं वागलो की ते संस्कार, वाईट वागलो की ते हार्मोन. हिशेब ठेवायचा तर दोन्ही रकाने एकाच शाईनं भरावेत.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. "आणि माझे हार्मोन गेले तेव्हा?" ती म्हणाली, "तेव्हा या घरात चर्चा झाली ती पंख्याच्या वेगाची."

यावर उत्तर नाही. बाईचं वय झालं की ती सोसते आणि पुरुषाचं वय झालं की ग्रंथ लिहिले जातात. शतावरी त्याच दुकानात आस्कंदाच्या शेजारच्या बरणीत असते; पण माझ्यासाठी आवाज खाली आणणारे मास्तर तिच्यासाठी कुणी नव्हते.

ययातीची गोष्ट मला हल्ली म्हणूनच वेगळी दिसते. शुक्राचार्यांच्या शापानं जरा आली तेव्हा त्यानं मुलांकडे तारुण्य मागितलं. चौघांनी नाकारलं, पुरूनं दिलं. आपण सारे ययातीच्या वासनेची चर्चा करतो. पण पुरूच्या बायकोला कुणी विचारलं होतं का? त्या मानानं च्यवनाचं बरं. त्याला अश्विनीकुमारांनी तरुण केलं. कुणाचं हिसकावून घ्यावं लागलं नाही. आणि तिथे सुकन्या होती. तळ्यातून तीन सारखेच देखणे तरुण बाहेर आले, तरी तिनं आपला नवरा बरोबर ओळखला. म्हणजे तारुण्यानं न बदललेलं काहीतरी त्याच्यात शिल्लक असलं पाहिजे. काय ते व्यासांनी सांगितलेलं नाही.

मी मात्र आमच्या पुरूच्या खोलीत सहज डोकावलो. चिरंजीव अठ्ठावीस वर्षांचे, बारा तास संगणकासमोर. टेबलावर एक बाटली होती. आस्कंदाच्या कॅप्सूल. "ताण फार असतो बाबा," तो म्हणाला. "झोप लागत नाही." आता ययातीनं मागायचं तरी कुणाकडे?

त्याची बाटली आणि माझी पुडी, दोन्ही घेऊन आम्ही बापलेक डॉक्टरकडे गेलो. त्याला त्यांनी झोपेचं वेळापत्रक दिलं. मला साखर, थायरॉइड आणि सकाळच्या वेळी काढलेल्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगितलं, आणि तोवर पुडी बाजूला ठेवायला सांगितली. रिपोर्ट आला. सगळे आकडे जिथे असायला हवेत तिथे. ते हार्मोनसुद्धा वयाच्या मानानं अगदी शाबूत.

मला एवढा आनंद झाला! घट फारशी नाही. म्हणजे शांती माझी स्वतःची, ओव्यांची, सोळा वर्षांची. कागद नाचवत मी स्वयंपाकघरात गेलो आणि हिला सगळं सविस्तर समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मग जिन्यावर दम कशानं लागतो? पोटानं?"

त्यावर मला जो राग आला तो अगदी पंचविशीतला होता.